शोलेचा शेवट: वडिलांनी पाहिलेला आणि डिस्कवरचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांनी १९७५ साली थिएटरात शोले पाहिला. त्यात शेवटी पोलीस येऊन ठाकूरला अडवतात आणि गब्बर जिवंत राहतो. तुम्ही घेतलेल्या डिस्कवर मात्र ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. वडील म्हणतात डिस्क बनावट आहे, तुम्ही म्हणता त्यांची आठवण दगा देतेय. त्यात तुमच्या मित्राने स्टार वॉर्सचं पिल्लू सोडून दिलं: तिथले चाहते ‘आम्ही पाहिला तोच सिनेमा द्या’ म्हणून वर्षानुवर्षं भांडताहेत, तरी तो धड मिळत नाही. मग मूळ म्हणायचं कशाला, कंपन्या ते का देत नाहीत, आणि पैसे टाकायचे तर कुठल्या डिस्कवर, असे तुमचे तीन प्रश्न.

मी मुंबईत फिल्म स्कॅन करण्याचं आणि ग्रेडिंगचं, म्हणजे शॉटनिहाय रंग-उजेड जुळवण्याचं, काम करते. सुरुवात टेलिसिनेवर झाली. तेव्हा सिनेमे टेपवर चढवायचो, आता त्याच सिनेमांचे डबे पुन्हा उघडून ४के स्कॅन करतो. शोले किंवा स्टार वॉर्स माझ्या टेबलावर कधी आलेला नाही. त्यामुळे त्या दोघांबद्दल जे जगजाहीर आहे तेवढंच सांगेन, बाकी सगळं स्वतःच्या कामातलं.

आधी घरातलं भांडण मिटवू. तुम्ही दोघंही बरोबर आहात. रमेश सिप्पींनी पहिल्यांदा चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतोच. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. एक माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेऊन खून करतो, याला सेन्सॉरने हरकत घेतली. सिनेमा १५ ऑगस्टला लागायचा होता. घाईघाईने पोलीस येण्याचा शेवट चित्रित झाला आणि तोच देशभर दिसला. त्याबरोबर आणखी काही गेलं. रामलाल बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंग गेला. आपल्या सचिन पिळगांवकरांनी केलेल्या अहमदला गब्बर हाल करून मारतो तो प्रसंग गेला. थिएटरात दिसला तो हातावरचा किडा चिरडणारा गब्बर आणि मग घोड्यावरून गावात येणारं प्रेत. जुना शेवट असलेली प्रत पुढे व्हिडिओवर फिरली आणि तिथून डिस्कवर आली. २०२५ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर सिनेमा दुरुस्त करून घेतला, २७ जूनला तो इटलीत बोलोन्याच्या खुल्या चौकात दाखवला आणि १२ डिसेंबरला तोच आपल्या थिएटरांत आला. त्यातही जुना शेवट आणि कापलेले दोन प्रसंग परत घातलेले आहेत.

म्हणजे वडिलांनी पाहिला तो सेन्सॉरने घडवलेला, आणि तुम्ही पाहिला तो दिग्दर्शकाने आधी चित्रित केलेला. पण तो १९७५ साली एकाही प्रेक्षकाने पाहिला नव्हता! आता स्टार वॉर्स याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे दिग्दर्शकाने स्वतः नंतर बदल केले आणि चाहते थिएटरात लागलेली आवृत्ती मागताहेत. इथे चाहते १९७५ला थिएटरात न लागलेली आवृत्ती मागत आले. दोन्हीकडे घोषणा एकच, ‘मूळ द्या’, आणि ओढ बरोबर उलट्या दिशेला.

आपल्या घरचं आणखी जुनं उदाहरण देते. फाळक्यांचा १९१३चा राजा हरिश्चंद्र म्हणून आपण जी दृश्यं कौतुकाने दाखवतो, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या पहिल्या आणि शेवटच्या रिळातली. काही अभ्यासकांच्या मते ती रिळं फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत. करणारा तोच, गोष्ट तीच, नाटकी हातवारेही तेच. त्यामुळे शंभर वर्षांनी तुम्ही-आम्ही कोर्टकचेरी करून उपयोग नाही.

म्हणून आमच्या टेबलावर कुणी नुसतं ‘मूळ’ म्हटलं की आम्ही विचारतो, कशाचं? कटचं (कुठले शॉट ठेवून सिनेमा जोडलाय त्याचं), रंगाचं, चौकटीचं की आवाजाचं? चाहत्यांची भांडणं जवळजवळ सगळी कटवर होतात, कारण कट मोजता येतो. अमुक शॉट आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. पण या चौघांत कट हाच सगळ्यात सोपा. रंग हरवला, तर तो हरवलाय हेसुद्धा बघणाऱ्याला कळत नाही, आणि माझ्या मते घरी बघायच्या आवृत्त्यांमध्ये सर्वांत जास्त नुकसान तिथेच झालंय.

स्टार वॉर्सचं नेमकं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे कंपन्या का देत नाहीत हे समजेल. सिनेमा २५ मे १९७७ला लागला. १९८१मध्ये पुन्हा लागला तेव्हा सुरुवातीच्या वर सरकणाऱ्या मजकुराला ‘एपिसोड ४’ जोडला गेला, म्हणजे पहिला बदल तिथेच झाला. १९९७मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकासने ‘स्पेशल एडिशन’ काढली: संगणकावर केलेले प्राणी, जब्बा या खलनायकाचा नवा प्रसंग, आणि ज्यावरून सर्वांत जास्त डोकी फुटली ते म्हणजे दारूच्या गुत्त्यात आता तस्कर हान सोलोच्या आधी त्याला पकडायला आलेला ग्रीडो गोळी झाडतो. २००४च्या डीव्हीडीत आणखी बदल, २०११च्या ब्ल्यू-रेत आणखी, २०१९मध्ये डिस्ने प्लसवर आला तेव्हा त्याच गुत्त्यात ग्रीडोच्या तोंडी एक नवाच शब्द. लुकासचं म्हणणं सरळ होतं: पहिला सिनेमा अर्धवट राहिला होता, हाच माझा पुरा सिनेमा. आणि याच लुकासने १९८८ साली अमेरिकन काँग्रेसपुढे जाऊन जुन्या सिनेमांत फेरफार करणाऱ्यांवर, कृष्णधवल सिनेमांना रंग फासणाऱ्यांवर कडक टीका केली होती. चाहते ते भाषण आजही त्याच्या तोंडावर फेकतात. मला मात्र त्याच्यात फारशी विसंगती दिसत नाही. त्याचा राग दुसऱ्याने हात लावण्यावर होता.

आता त्यातला आमच्या धंद्याचा भाग. १९९७च्या वेळी नवे शॉट्स वेगळ्या निगेटिव्हवर करून बाजूला ठेवता आले असते. तसं झालं नाही, कॅमेऱ्यातली निगेटिव्हच, म्हणजे चित्रीकरणाची मूळ फिल्मच, नव्या आवृत्तीप्रमाणे कापून जोडली गेली. त्यामुळे १९७७चा सिनेमा म्हणून सलग निगेटिव्ह उरली नाही, काढलेले तुकडे वेगळे. पुन्हा जोडायचं तर ते शोधणं, स्कॅन करणं, डिजिटल पद्धतीने सांधणं आणि रंग जुळवणं आलं. अशक्य नाही, पण खर्च आणि इच्छा दोन्ही लागतात. २००६ साली लुकासच्या कंपनीने मूळ आवृत्ती दिली, पण कशी? जास्तीची डिस्क म्हणून, १९९३च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) केलेल्या टेपवरून. रुंद चित्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या देऊन बसवलेलं. डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी चित्राच्या वाट्याला जेमतेम २७० आल्या. वर त्या काळचं खरखर काढणारं यंत्र फिरलेलं, त्यामुळे काही हलत्या गोष्टींमागे शेपटी दिसते. कट मूळ, बाकी काहीच मूळ नाही. उपाशी माणसाला शिळी भाकरी दिली आणि वर म्हटलं, दिली की!

मग चाहत्यांनीच कामाला हात घातला. एका झेक चाहत्याने ब्ल्यू-रे, जुन्या डीव्हीडी आणि मिळेल ते तुकडे जोडून १९७७चा कट उभा केला. दुसऱ्या एका गटाने १९७७ची टेक्निकलर प्रिंट मिळवून स्कॅन केली. हक्क त्यांच्याकडे नाहीत, त्यामुळे दुवे माझ्याकडे मागू नका. पण काम म्हणून बघाल तर त्या दुसऱ्या गटाने नेमकी नस पकडली. त्यांनी टेक्निकलरचीच प्रिंट का शोधली, हे कळलं की रंगाचा सगळा मामला कळतो.

नेहमीच्या जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमध्ये रंग फिल्मच्या थरातच रासायनिक क्रियेने तयार होतात, आणि त्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो. आमच्याकडे सत्तरच्या दशकातला डबा उघडला की बहुतेक वेळा आत गुलाबी सिनेमा निघतो. आकाश गुलाबी, शेत गुलाबी, नायिकेचा हिरवा शालू विटकरी. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत मात्र तीन पक्के रंग एकावर एक छापले जायचे. त्या प्रिंटचे रंग पन्नास वर्षांनीही टिकतात. १२ जून २०२५ला लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातली १९७७ची अशीच प्रिंट प्रेक्षकांना दाखवली. तेवढ्यासाठी लोक दूरदूरहून आले ते उगाच नाही. सिनेमाला २०२७ साली ५० वर्षं होतील आणि त्या निमित्ताने १९७७ची आवृत्ती पुन्हा थिएटरांत आणणार असं लुकासफिल्मने जाहीर केलंय, म्हणजे चाहत्यांचा रेटा वाया गेला नाही.

तुम्ही म्हणाल, प्रिंट गुलाबी झाली तर झाली, निगेटिव्ह आहे ना? इथे माझ्या दोन गोष्टी ऐका.

काही वर्षांपूर्वी एका निर्मात्यांचे चिरंजीव चौदा डबे घेऊन आले. वडिलांनी जपलेली कॅमेरा निगेटिव्ह, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. पहिला डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. लोणच्याची बरणी उघडावी तसा. हा वास म्हणजे फिल्मचा पाया आतून कुजायला लागलाय. रीळ हातमोजे घालून रिवाइंडरवर चढवलं आणि सवयीने कडेवर बोट ठेवून सावकाश फिरवलं. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवर प्रत्येक कटला फिल्म सिमेंट नावाच्या चिकटद्रव्याने चिकटवलेला सांधा असतो, तो बोटाला बारीक पायरीसारखा लागतो. इथे एक मिनिटाची फिल्म गेली, कट दिसत होते, बोटाला एकही पायरी लागली नाही. म्हणजे ही ड्यूप निगेटिव्ह, मूळच्या नकलेवरून काढलेली नक्कल. मग कडेवरच्या छोट्या खुणा बघितल्या. कोडॅक चौकोन, गोल, त्रिकोण अशा चिन्हांनी फिल्म कुठल्या वर्षी बनली ते छापते. फिल्म निघाली सिनेमा लागल्यानंतर नऊ वर्षांची. चिरंजीवांचा चेहरा बघवेना. खरी निगेटिव्ह कुठे गेली ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि सिनेमाची एक आवृत्ती बाजारात ‘मूळ निगेटिव्हवरून’ असं छापून आधीच विकली जात होती. वेष्टनावरची ही ओळ वाचली की मला हटकून ते बोट आठवतं.

दुसरी गोष्ट खऱ्या निगेटिव्हची. एका जुन्या सिनेमात नायक वाड्याच्या मागच्या दाराने लपतछपत बाहेर पडतो. आमच्या स्कॅनमध्ये तो भरदुपारी, कडक सावल्यांमधून, चोरपावलांनी चाललेला. आधीच्या व्हिडिओ आवृत्तीतही तसंच होतं आणि लोक त्यावर हसायचे. प्रसंग खरं तर रात्रीचा. दुपारी शूट करायचा आणि लॅबमध्ये प्रिंट काढताना गडद, निळसर करून रात्र करायची, अशी तेव्हा सर्रास पद्धत होती. म्हणजे रात्र निगेटिव्हवर नव्हतीच. ती लॅबच्या ग्रेडरने शॉटनिहाय ठरवलेल्या प्रकाशाच्या आकड्यांत होती, आणि ते कार्ड लॅब बंद पडली तेव्हा रद्दीत गेलं. शेवटी एका वितरकाकडे त्या एकाच रिळाची प्रिंट मिळाली. पार गुलाबी. रंग गेलेले, पण काळोख शाबूत होता. त्यावरून किती गडद करायचं ते ठरलं. किती निळं, ते त्या सिनेमाच्या कॅमेरा विभागात मदतनीस असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी शेजारी बसून सांगितलं. ‘ताई, एवढी निळी नको, कंदिलाच्या गावातली रात्र आहे,’ असं म्हणाले. दोन तास आम्ही सव्वा मिनिटाच्या रात्रीवर बसलो होतो.

शोलेचंही दुखणं याच जातीचं होतं. कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झालेली आणि ७० मिमीची एकही प्रिंट उरलेली नाही. मुंबई आणि लंडनच्या गोदामांतून मिळालेल्या इंटरपॉझिटिव्हवर, म्हणजे निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या पॉझिटिव्हवर, काम उभं राहिलं. तेव्हा ‘निगेटिव्ह आहे तर उद्या डिस्क काढा’ असं कुणी लिहिलं की आधी विचारा, काय उरलंय आणि कुठे?

चौकटीचं थोडक्यात सांगते. शोले ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीवर मोठा केला होता. ७० मिमीची चौकट २.२ला १. जुन्या कॅसेटी आणि बऱ्याच डिस्कवर चित्र जवळपास चौकोनी आहे, त्यामुळे कट पुरा असला तरी रामगढच्या त्या खडकांमधली रचना तुम्ही पाहिलेलीच नाही. तुमच्या डिस्कवर जय-वीरू मोटारसायकलवरून जाताना चित्र टीव्हीच्या दोन्ही कडांपर्यंत पोचतं का, आणि वर-खाली बारीक काळी पट्टी राहते का, ते बघा.

आवाजाचं भान लोकांना आणखी कमी. शोलेच्या ७० मिमी प्रिंटवर स्टिरिओफोनिक आवाज होता, ३५ मिमीवर साधा, म्हणजे मोनो. वडिलांनी तालुक्याच्या थिएटरात पाहिला असेल तर त्यांचा मूळ आवाज मोनो. स्टार वॉर्सचे तर १९७७ सालीच तीन वेगवेगळे मिक्स, म्हणजे आवाजाच्या जुळण्या, होते, आणि मोनोमध्ये नायक ल्यूकच्या काकूचा आवाजसुद्धा दुसऱ्याच बाईचा. त्यामुळे जुन्या सिनेमावर ‘५.१’ (अनेक स्पीकरचा आवाज) असं ठळक छापलेलं दिसलं की मी हुरळून जात नाही. शक्य असेल तर मेनूत जाऊन जुना ट्रॅक दिलाय का ते बघते.

एक सवय मात्र सोडा, ती म्हणजे फिल्मच्या दाण्याला ‘मुंग्या’ म्हणून नावं ठेवणं. दाणा हेच फिल्मवरचं चित्र. तो पुसला की चेहरे मेणाचे होतात. आम्हाला ग्राहक सांगतो, ‘मॅडम, चकाचक करा’, आणि पैसे तोच देतो, म्हणून कधी कधी मीही पुसलाय. अभिमान नाही.

आता हक्क कोणाचा? आपल्या कायद्यात सिनेमाचा कर्ता निर्माता मानला जातो, दिग्दर्शक नाही, आणि हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतात. त्यामुळे शोलेचं काय करायचं हे २०३५ संपेपर्यंत हक्कदारच ठरवणार. हे प्रकरण किती लांब जाऊ शकतं ते ऑगस्ट २०२५मध्ये दिसलं. रांझणाची तमीळ आवृत्ती एआयने बदललेला सुखान्त जोडून पुन्हा प्रदर्शित झाली आणि दिग्दर्शक आनंद एल. राय जाहीर विरोध करत राहिले. ते पाहिल्यावर मला लुकासचं म्हणणं जरा सौम्यच वाटायला लागलं.

माझं मत विचाराल तर थिएटरात लागलेला कट नेहमी मिळायलाच हवा, मग तो सेन्सॉरने बिघडवलेला का असेना. तो इतिहास आहे. आणीबाणीत काय दाखवू दिलं नाही, हे पोलिसांच्या त्या घाईच्या एन्ट्रीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. दिग्दर्शकाचा कट त्याच्या शेजारी द्या, जागेवर नको. हे होऊ शकतं. ब्लेड रनरच्या २००७च्या पेटीत पाच आवृत्त्या एकत्र होत्या, १९८२च्या थिएटरातल्या धरून. स्पीलबर्गने २००२ साली ई.टी.मधल्या पोलिसांच्या बंदुका काढून हातात वॉकी-टॉकी दिले, पुढे पस्तावला, आणि २०१२च्या ब्ल्यू-रेत जुनाच सिनेमा दिला. दहा वर्षांत माणूस आपलं मत बदलतो, म्हणूनच निगेटिव्ह कापू नये.

खरेदीबद्दल: कट आधी ओळखायचा, पण वेष्टनावरच्या मिनिटांवर जाऊ नका. शोलेचा थिएटरातला कट १९८ मिनिटांचा आणि जुन्या शेवटाचा २०४चा, असे आकडे सांगितले जातात. पण सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि आपला पाल या जुन्या पद्धतीचा टीव्ही २५ने. चार टक्के वेळ तिथेच जातो, आवाजही किंचित चढतो. २०४ मिनिटांचा पुरा सिनेमा पालवर १९६ मिनिटांत संपतो, आणि लोक त्याला कापलेला समजून परत करतात! त्यापेक्षा खूण बघा: रामलाल बुटांना खिळे ठोकताना दिसतो का. कुठली पद्धत आहे ते कळत नसेल तर एखादं गाणं ओळखीच्या ध्वनिमुद्रिकेबरोबर लावून बघा. डिस्कवरचं वर चढलेलं वाटलं तर पाल.

आणखी एक पक्की खूण आपल्याच देशात मिळते. बऱ्याच डिस्कच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र स्कॅन झालेलं असतं, आणि त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४३ मीटर जाते. १९८ मिनिटं म्हणजे साधारण ५४३० मीटर, २०४ म्हणजे ५५९६. मात्र प्रमाणपत्र एका आवृत्तीचं आणि सिनेमा दुसऱ्या, असंही मी पाहिलंय, म्हणून दोन्ही ताडून बघा.

वडिलांना आधी पोलीसवाला शेवट दाखवा, ते खूश होतील. मग तुमचा लावा. आणि डिस्क यंत्रात घातलीच आहे तर पहिल्या पाच सेकंदांत पॉज करून प्रमाणपत्रावरचा मीटरचा आकडा आणि वर्ष इथे लिहा, बाकीचा हिशेब मी करून देते.